रुजू झालेला माणूस रुजावा कसा

माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. फोर्टमधलं ऑफिस, साडेनऊची वेळ दिलेली. मी नऊ वीसला हजर. अकरा वाजेपर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहिले, कारण ज्या साहेबांनी मला नेमलं होतं ते रजेवर होते आणि मी येणार असल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी एकला सगळे डबे घेऊन उठले आणि आपापल्या घोळक्यात जाऊन बसले. मला ‘चल’ असं कुणी म्हटलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. प्रत्येकाला वाटलं असणार, हिला दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल. मी जिन्यात बसून पोळीभाजी खाल्ली. ती नोकरी मी सात महिन्यांत सोडली. सोडताना कारण विचारलं, तेव्हा मला ते नीट सांगताही आलं नाही.

पुढची बावीस वर्षं मी मुंबई-ठाण्यातल्या कंपन्यांमध्ये माणसं नेमण्याचं आणि टिकवण्याचं काम केलं. आता ते कारण मला सांगता येतं: नव्या माणसाची वाट बघणं हे त्या ऑफिसात कुणाचंच काम नव्हतं. हा लेख दहा ते शंभर माणसांच्या कंपनीचे मालक, नव्याने टीम सांभाळायला लागलेले लोक आणि ‘एचआरचं जरा तूच बघ’ म्हणून ज्यांच्याकडे हे काम आलंय, त्या सगळ्यांसाठी आहे. तुम्ही पहिल्यांदाच हे करताय असं धरून मी लिहिते आहे.

सुरुवातीला थोडं गिरणगाव

नव्या माणसाला सामावून घेणं मुंबईला नवीन नाही. कोकणातून बोटीने आलेला पोरगा भाऊच्या धक्क्यावर उतरायचा, तेव्हा त्याला घ्यायला गावचं कुणीतरी आलेलं असायचं. लालबाग-परळच्या चाळीत गावकरी मंडळाच्या खोलीत पथारीपुरती जागा, खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवण, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारापर्यंत सोबत. पहिला पगार हातात यायच्या आधी या तीन गोष्टी मिळायच्या. त्या देणारी माणसं ठरलेली होती, म्हणून त्या मिळायच्या.

त्याच गिरण्यांमधली दुसरी गोष्टही विसरू नये. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त मिळायची; पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कांडी, म्हणजे सुताची नळी, बदलताना धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि यांचं उष्टं आम्हाला चालणार नाही, असं म्हणून इतर कामगारच त्यांना अडवत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. अडवणारे लोक एरवी एकमेकांसाठी जीव टाकणारे होते. आपुलकी त्यांच्याकडे भरपूर होती, फक्त ती गाव आणि जात बघून मिळत होती.

कंपनीला सामायिक मूल्यं लागतात ती यासाठी. माणूस कुठून आला हे न बघता, इथे आपण कसं वागतो एवढ्यावर तो ‘आपला’ ठरला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: आहेत ती मूल्यं शोधा

बाहेरून मूल्यं आणायची गरज नाही. तुमच्याकडे चार वर्षं माणसं एकत्र काम करत असतील तर ती तयार झालेली असतात, चांगली आणि वाईट दोन्ही. एक दुपार काढा. सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना म्हणजे शिपाई, ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले आणि साफसफाईच्या मावशी धरून. कोरे कागद वाटा, नाव लिहू नका म्हणून सांगा, आणि तीन प्रश्न विचारा.

गेल्या वर्षभरात इथे कुणाचं वागणं बघून बरं वाटलं?
काय बघून लाज वाटली?
उद्या तुमचा सख्खा भाऊ किंवा बहीण इथे कामाला लागली, तर तिला गुपचूप काय सांगून ठेवाल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘साहेब सकाळी चिडलेले असतात, काही मागायचं तर चारनंतर जा’ हे तुमच्या कंपनीचं खरं मूल्य आहे, पसंत असो वा नसो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी त्यांच्या विश्वासातल्या माणसाने वेगळं बसून बोलावं. मालकाने त्या दुपारी ऐकायचं काम करावं आणि सगळ्यात शेवटी बोलावं, कारण मालक बोलले की बाकीचे कागद त्यांच्यासारखेच निघतात.

अंधेरीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या चौतीस माणसांच्या एका कंपनीत मी हे केलं होतं. मालक ‘गुणवत्ता, नावीन्य, सचोटी’ असे तीन शब्द आधीच ठरवून आले होते. कागद उघडले, तर सात जणांनी एकाच माणसाबद्दल लिहिलेलं. मिठाईच्या खोक्यांची ऑर्डर चालू असताना रात्रपाळीच्या एका ऑपरेटरच्या बोटाला खोक्यावरची शाई लागली. त्याने मशीन थांबवलं आणि सकाळी कुणी विचारायच्या आत गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगितलं. आणि लाजेच्या रकान्यात पाच कागदांवर एकच गोष्ट होती: साफसफाईच्या मावशी जिन्याखाली बसून जेवतात, कारण पॅन्ट्रीत त्यांना कुणी बसायला सांगितलेलं नाही. मालक बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत लांब टेबल आलं, आणि पहिल्या दुपारी ते स्वतः मावशींशेजारी डबा घेऊन बसले.

पायरी २: मोडलं तर कळेल असं वाक्य लिहा

‘सचोटी’ हा शब्द कधी मोडला हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून नव्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्या कंपनीत शेवटी चार वाक्यं ठरली:

खोट आपल्याला दिसली तर गिऱ्हाइकाला ती आधी आपण सांगायची.
कळलं नाही तर तिसऱ्यांदाही विचारायचं, आणि तिसऱ्यांदा सांगताना वैतागायचं नाही.
इथे कुणी एकट्याने जेवत नाही, त्याला स्वतःला तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी.
उद्यापर्यंत थांबू शकणाऱ्या कामासाठी घरी गेलेल्या माणसाला फोन करायचा नाही.

चौथं वाक्य तुमच्याकडे असावंच असा माझा आग्रह आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. ज्या शहरात ती सुट्टी मागावी लागली, तिथे रविवारी सकाळी ‘जरा ते शीट पाठव ना’ असा मेसेज टाकताना हात थांबला पाहिजे. नवा माणूस तर नाहीच म्हणू शकत नाही.

प्रत्येक वाक्याला दोन कसोट्या लावा. हे पाळण्यासाठी गेल्या वर्षात आपण काही सोसलं का, पैसे, वेळ किंवा एखादं गिऱ्हाईक? आणि सगळ्यात जास्त धंदा आणणाऱ्या माणसाने ते मोडलं, तर त्याला आपण सांगू का? दुसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं असेल तर ते वाक्य अजून लिहू नका. लिहून मोडलेलं वाक्य न लिहिलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण नवा माणूस ते दुसऱ्या आठवड्यातच ओळखतो.

‘आपण एक कुटुंब आहोत’ हे मात्र टाळा. माझ्या त्या पहिल्या ऑफिसच्या भिंतीवरही ते होतं. कुटुंबात पगारवाढ मागता येत नाही, राजीनामा देता येत नाही आणि ‘हे माझं काम नाही’ असंही म्हणता येत नाही. कंपनीत हे तिन्ही म्हणता आलं पाहिजे.

पायरी ३: ऑफर दिल्यापासून येईपर्यंत

माणूस ऑफर घेतो आणि महिना, दोन महिने, कधी तीन महिने जुन्या ठिकाणी नोटीस पिरिअड काढतो. या काळात बहुतेक कंपन्या गप्प असतात. मग तो आलाच नाही की आपण त्याला दोष देतो. पंधरा दिवसांतून एक फोन पुरे. तो एचआरने करू नये. ज्याच्या हाताखाली तो काम करणार आहे त्याने करावा.

पहिल्या दिवसाच्या चार दिवस आधी रस्ता सांगणारा मेसेज पाठवा. नकाशाची लिंक म्हणजे रस्ता नव्हे. लोअर परळला ऑफिस असेल आणि माणूस कल्याणहून येत असेल, तर त्याला सांगा की दादरला गाडी बदलायची गरज नाही, करी रोडला उतरून चालत ये. फक्त तिथे फास्ट थांबत नाही. अंधेरी पूर्वेला असाल, तर घाटकोपरहून मेट्रोने चकाला बरं की मरोळ नाका, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग कुठे लागते, बिल्डिंगच्या कुठल्या गेटवर सोडतात, गेटवर कोणतं ओळखपत्र मागतात, तेही लिहा. मुंबईत नव्यानेच आलेल्या मुलीसाठी आणखी एक ओळ: रात्री उशीर झाला तर घरी कसं जायचं, आणि त्याचे पैसे कोण देतं.

पहिल्या दिवशी अकराला बोलवा. गर्दी ओसरलेली असते, माणूस घामाघूम होऊन पोचत नाही, आणि त्याला घ्यायला येणाऱ्यांना सकाळची कामं आवरून मोकळं होता येतं. फार साधी गोष्ट आहे, पण मी बघितलेल्या कंपन्यांपैकी फार थोड्या ती करतात.

पायरी ४: पहिला दिवस

खुर्ची, टेबल, लॉगिन, ओळखपत्र आदल्या संध्याकाळी तयार हवं. लॅपटॉप ‘उद्यापर्यंत येईल’ म्हटलं की तो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या स्क्रीनकडे बघत बसतो आणि त्याला आपण उगाच आलो असं वाटतं.

ओळख करून देताना तीस माणसांसमोर उभं करून ‘स्वतःबद्दल काही सांगा’ म्हणू नका. चार टेबलांपाशी घेऊन जा, एकेकाला भेटवा, आणि प्रत्येकाबद्दल उपयोगाचं एक वाक्य सांगा: ‘बिलं यांच्याकडे’, ‘प्रिंटर अडला की यांना हाक मार’. शिपायांची आणि मावशींची ओळखही नावाने करून द्या. बाथरूम, पाणी, पंख्याचं बटण, नमाजासाठी किंवा तान्ह्या बाळाच्या आईला दूध काढण्यासाठी बंद होणारी एखादी खोली, हे सगळं न विचारता दाखवा. यातलं बरंचसं विचारायला माणूस लाजतो.

जेवायला कुणाबरोबर, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. पहिल्या दिवशी तो डबा आणणार नाही असं धरून चाला. त्या दिवशी मूल्यांवर भाषण देऊ नका. चार वाक्यं छापलेला कागद हातात द्या आणि प्रत्येक वाक्यामागे इथे खरंच घडलेला एक प्रसंग सांगा. मिठाईच्या खोक्याची गोष्ट कळायला दोन मिनिटं लागतात, आणि ती विसरली जात नाही.

पाच वाजता त्याला सोडा.

पायरी ५: सोबती नेमा

याला बहुतेक ठिकाणी ‘बडी’ म्हणतात. मला ‘सोबती’ हा शब्द आवडतो, कारण त्यात बरोबर चालणं आहे. धक्क्यावर घ्यायला येणारा गावकरी तो हाच.

सोबती साहेब नसावा. साहेबाला ‘हे मला अजिबात कळलं नाही’ असं सांगायला धीर लागतो. तो कंपनीत सहा महिने ते दोन वर्षं झालेला असावा. दहा वर्षं झालेल्याला नवेपणी काय कळत नव्हतं ते आठवतच नाही. शक्य असेल तर तो नव्या माणसाच्या गावचा, जातीचा, कॉलेजचा नसावा. सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण आपल्यासारखाच सोबती मिळाला की तो माणूस एका घोळक्यात जाऊन बसतो, आणि बाकीचं ऑफिस त्याला कधी कळतच नाही.

आणि सोबत्याचं काम कमी करा. पहिले दोन आठवडे रोज तासभर त्याचा वेळ या कामाचा आहे, हे त्याच्या साहेबाने सगळ्यांसमोर सांगावं. ते न करता सोबती नेमला, तर नवा माणूस त्याला ओझं वाटू लागतो, आणि ते त्या माणसाला लगेच समजतं. सोबत्याने करायचं ते इतकंच: पंधरा दिवस जेवायला बरोबर, रोज संध्याकाळी पाच मिनिटं ‘आज काय अडलं?’, आणि ऐकलेलं साहेबाकडे न पोचवणं.

पायरी ६: हाक आणि भाषा

साहेबांना ‘सर’ म्हणायचं की नावाने हाक मारायची? मोठ्यांना ‘तुम्ही’, पण त्यांच्याच वयाच्या शिपायाला ‘तू’? मराठी माणसाला हा प्रश्न पहिल्या तासातच पडतो, आणि तो सुटेपर्यंत बिचारा कुणाला हाकच मारत नाही. समोर जाऊन उभा राहतो. जे काही असेल ते पहिल्या दिवशी सांगून टाका. माझं मत असं: वयाने मोठ्या प्रत्येकाला ‘अहो’, मग तो संचालक असो की पाणी भरणारा. मालकाला नावाने हाक मारण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

भाषेचं जरा अवघड आहे. मुंबईतल्या मीटिंगमध्ये एक वाक्य हिंदी, दोन इंग्रजी, आणि गंमत सांगायची ती मराठीत किंवा गुजरातीत. एकाला जरी ती भाषा येत नसेल तर त्याच्यासाठी ती मीटिंग तिथेच संपते. नियम सोपा ठेवा: कामाचं बोलणं खोलीतल्या सगळ्यांना समजेल अशा भाषेत.

याची दुसरी बाजू आपल्या मुलांची आहे आणि ती मला फार जवळची आहे. चिपळूण, सांगली, जळगावहून आलेली हुशार मुलं इंग्रजी मीटिंगमध्ये गप्प बसतात. वर्षाअखेरीस त्यांच्याबद्दल ‘पुढाकार घेत नाही’ असं लिहिलं जातं. त्यांना आधी मराठीत मांडू द्या. मीटिंगच्या आदल्या दिवशी विषय सांगा. ‘तुला सुचलं ते मराठीत बोल, मी इंग्रजीत सांगतो’ असं म्हणणारा एक माणूस टीममध्ये असला, की तीन महिन्यांत ते मूल स्वतःहून बोलायला लागतं. मी हे एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

पायरी ७: पैशाचं स्पष्ट बोला

पगार कोणत्या तारखेला होतो, महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याचे दिवस कुठे धरतात, पीएफ किती कापला जातो आणि जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, का द्यायचा, हे कुणी सांगत नाही. पहिली पगारपावती हातात घेऊन नव्या माणसाबरोबर वीस मिनिटं बसा आणि ओळ न् ओळ समजावून सांगा. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेकांना दरमहा २०० रुपये लागतो, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. दर फेब्रुवारीत कुणीतरी शंभर रुपये जास्त का कापले म्हणून मनातल्या मनात कुढत असतं.

बाहेरगावहून आलेल्या माणसाला डोंबिवली-विरारला खोली घ्यायची तरी डिपॉझिट भरावं लागतं, तेही पहिल्या पगाराच्या आधी. पहिल्या महिन्यात मागितल्याशिवाय अर्ध्या पगाराची उचल देऊ करा आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत थोडी थोडी कापून घ्या. स्वागताच्या किटमधला मग आणि टी-शर्ट नसला तरी चालेल, हे असू द्या.

पायरी ८: ‘आपले’ कोण, हे रोज तपासा

आडनाव विचारून झाल्यावर ‘मूळ गाव कुठलं?’, मग ‘म्हणजे तुम्ही कोण?’ ही साखळी सगळ्यांना माहीत आहे. विचारणाऱ्याला ती साधी चौकशी वाटते. ज्याला उत्तर द्यावं लागतं त्याला आपल्याला काय विचारलं जातंय ते नीट कळतं. हा प्रश्न इथे विचारायचा नाही, असं स्पष्ट सांगा; आडून सुचवलं तर पोचत नाही.

डब्याचंही तसंच. मांसाहारी डब्याला पॅन्ट्रीत बंदी घालणारी ऑफिसं मुंबईत आहेत. नवा कोळी किंवा मालवणी मुलगा पहिल्या आठवड्यात सुकटीचा डबा उघडतो आणि कुणीतरी नाक मुरडतं. त्यानंतर तो बाहेर टपरीवर वडापाव खायला लागतो. ज्यांना वास चालत नाही त्यांच्यासाठी खिडकीजवळचं वेगळं टेबल ठेवता येतं, मायक्रोवेव्ह दोन घेता येतात. बंदी मात्र घालू नका.

सुट्ट्यांची यादी हा मूल्यं दाखवण्याचा फार चांगला प्रसंग आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी त्या गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवल्या जातात. तसं न करता डिसेंबरात सगळ्यांना विचारा. आमच्या एका ऑफिसात त्यातल्या दोन सगळ्यांसाठी आणि दोन ज्याने त्याने निवडायच्या असं ठरलं. कुणी ईद घेतली, कुणी नाताळ, आणि अकाउंट्समधल्या एका ताईंनी ६ डिसेंबर. त्या अनेक वर्षं त्या दिवशी ‘बरं नाही’ असं सांगून चैत्यभूमीवर जात होत्या.

गणपतीचंही आताच सांगते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. कोकणातल्या नव्या माणसाला रजा मिळणार की नाही हे त्याच्या आधी कळलं पाहिजे. ‘नवीन आहेस, बघू’ म्हणून महिनाभर लटकवलं, तर तिकीटही गेलं आणि माणूसही.

महिलांच्या सुरक्षिततेबद्दल कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. समितीवरच्या ताईंची नव्या मुलीशी पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष ओळख करून द्या. भिंतीवरची नावं वाचून कुणी दार ठोठावत नाही. ओळख झालेल्या बाईंकडे जाणं सोपं असतं.

पायरी ९: पहिली चूक

माझ्या मते नव्या माणसाचा खरा पहिला दिवस तो, ज्या दिवशी त्याच्या हातून पहिली मोठी चूक होते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते: चुकीच्या माणसाला कोटेशन जातं, एक शून्य जास्त पडतं, माल भलत्याच गोदामात उतरतो. त्या दिवशी सगळं ऑफिस बघत असतं, जुने लोकसुद्धा.

आधी नुकसान आवरा, आणि आवरताना त्याला बाजूला काढू नका, बरोबर घ्या. गिऱ्हाइकाला फोन करायचा तर तो शेजारी असू दे, बोला तुम्ही. मग दार लावून दोघांनीच बसा. ‘हे तू का केलंस?’ असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करतो. ‘त्या वेळी तुझ्यासमोर काय होतं?’ असं विचारा. दहातल्या सहा वेळा कळतं की जुना दर लिहिलेली फाइल कुणी काढलीच नव्हती, किंवा ज्याला विचारायचं तो तीन वेळा ‘नंतर ये’ म्हणाला होता. तसं असेल तर ती दुरुस्ती सगळ्यांना सांगा, नव्याचं नाव न घेता. आणि त्याने चूक स्वतःहून सांगितली असेल, तर तेवढ्यासाठी त्याला सगळ्यांदेखत शाबासकी द्या. ‘खोट आधी आपण सांगायची’ हे वाक्य त्याला त्या दिवशी खरं वाटतं.

त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी टोमणा मारला, तर साहेबाने तिथेच, त्याच ग्रुपवर थांबवावं. खाजगीत समजावलेलं बाकीच्यांना दिसत नाही.

पावसाचा दिवस

याला वेगळी पायरी म्हणत नाही, पण मुंबईत हे ठरलेलं असावंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो लोकांनी ती रात्र ऑफिसात, गाडीत, रुळांवरून चालत काढली. दर जुलैत थोडंफार तसं होतंच. जायचं की नाही हे कोण ठरवणार, किती वाजता, गाड्या बंद असतील तर लेटमार्क आणि हाफ डे लागणार का, हे जूनच्या आधी लिहून ठेवा. सगळ्यात लांब राहणाऱ्याला आधी सोडायचं. नवा माणूस बदलापूरचा असेल तर तो स्वतः उठणार नाही. साहेब उठायची वाट बघत राहील, आणि साहेब दादरला राहतात.

शेवटची पायरी: नव्वदावा दिवस

प्रोबेशनचं मूल्यमापन वेगळं ठेवा. या दिवशी मूल्यमापन तुमचं. चार वाक्यांचा कागद समोर ठेवा आणि विचारा: यातलं कुठलं वाक्य खरं निघालं? कुठलं मोडताना बघितलंस? आणि पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं काय आहे? ऐकताना खुलासे देऊ नका. फक्त लिहून घ्या, आणि त्यातली निदान एक गोष्ट महिन्याभरात बदला. पुढचा नवा माणूस येईल तेव्हा सोबती म्हणून याचंच नाव आधी विचारात घ्या.

अंधेरीच्या त्या कंपनीत पहिल्या दिवशी द्यायचा कागद असाच वाढत गेला. पुढच्या बाजूला चार वाक्यं, मागच्या बाजूला नव्वद दिवस झालेल्या प्रत्येकाने भर घातलेली एकेक ओळ. परवा गेले तेव्हा सांगलीच्या एका मुलाची नवी ओळ दिसली: ‘चार वाजता चहा येतो तो कंपनीचा असतो, पैसे द्यायचे नाहीत. मला माहीत नव्हतं, मी दोन आठवडे नको म्हणत होतो.’